जबाबी कार्ड

सखाराम येवल्यांचा सगळा जन्म पत्रं लिहिण्यात गेला. लोणावळ्याबाहेर टेकडीवर छातीच्या रोग्यांचं एक इस्पितळ होतं. तिथल्या रेकॉर्ड खोलीत बसून त्यांनी कुणाकुणाच्या घरी काय काय कळवलं असेल, त्याला गणती नाही. पण खुद्द त्यांच्या नावावर आलेल्या एका कार्डाचं उत्तर त्यांनी बारा वर्षं दिलं नाही.

ते जबाबी कार्ड होतं. एका अर्ध्यावर मजकूर, आणि त्याला जोडलेलं दुसरं अर्धं कोरं, उत्तरासाठी. कोऱ्या अर्ध्यावर पत्ताही आधीच घातलेला: शिदू, मुक्काम लोहगडवाडी. म्हणजे उत्तर देणाऱ्यानं नुसतं लिहायचं आणि पेटीत टाकायचं. अक्षर वाडीच्या शाळेतल्या गुरुजींचं होतं, पण बोलणं शिदूचंच होतं, कारण गुरुजींनी ते सुधारलं नव्हतं.

'मास्तरास्नी शिदूचा रामराम. मी घरी पडून हाय. एकच इच्यारायचं हाय. नथू त्या पिशवीनं पडला का? तुमी जवळ हुता. व्हय आसंल तर मी गप पडून ऱ्हातो. न्हाई आसंल तर हितं दगूड लय हायेत. खरं काय ते कळवा. सोबत कोरं कार्ड हाय.'

त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं. अडीच अक्षरंसुद्धा नाहीत. आणि ते ठाऊक असलेला माणूस साऱ्या इस्पितळात एकच होता.

सखाराम मूळचे वडगावचे. घरी भातशेती, पण यांना नांगरापेक्षा पुस्तक जवळचं. माणसांत बसलं की जीभ टाळूला चिकटायची. कागदावर मात्र हात चालायचा. चौसष्ट साली इस्पितळात एक तरुण डॉक्टर आले. सगळे त्यांना धाकटे डॉक्टर म्हणत, कारण इस्पितळाचे प्रमुख ते मोठे डॉक्टर. धाकट्यांच्या डोक्यात एक नवीच कल्पना होती. जुन्या खोकल्याचे, दम्याचे, धुरानं आणि धुळीनं छाती गेलेले जे रोगी महिनोन्महिने खाटेवर पडून होते, त्यांना ताकदीची कसरत द्यायची.

"सखारामभाऊ, यांची फुप्फुसं आता नवी होणार नाहीत," ते म्हणाले. "पण मांड्या होतील. चार पावलांत धाप लागते ती काही सगळी छातीमुळे नव्हे. पडून पडून पायांतलं बळ गेलंय, त्यामुळेही लागते. इंग्रजी वाचता ना तुम्ही? मग हे पुस्तक घ्या, आणि रोज सकाळी एक तास वॉर्डात या. नोंदी तुम्ही नीट ठेवाल एवढं मला माहीत आहे."

"मी? मी साधा कारकून, साहेब."

"म्हणूनच. डॉक्टरला ते घाबरतात. तुम्हाला कोण घाबरणार?"

हे मात्र खरं होतं.

वॉर्डातल्या आया चिमाबाईंनी जुन्या खाकी कापडाच्या पिशव्या शिवल्या. त्यात इंद्रायणीची वाळू भरली: अर्धा किलो, एक किलो, दीड किलो. एक लाकडी स्टूल आलं. हात न टेकता स्टुलावरून उठायचं आणि बसायचं. पिशवी खांद्यापर्यंत उचलायची आणि सावकाश खाली आणायची. दम लागला की थांबायचं, श्वास जाग्यावर आला की पुन्हा. उचलताना ओठांचा चंबू करून चूल फुंकल्यासारखा श्वास सोडायचा. पहिल्या दिवशी हे सांगताना सखारामांचे कान लाल झाले होते. समोर सहा रोगी, आणि त्यांतला एक होता शिदू.

शिदू लोहगडाच्या पोटातल्या वाडीचा. तीस वर्षं रानात कोळशाच्या भट्ट्या लावलेल्या. पंचेचाळिशीचा असेल, दिसायचा साठीचा. सखारामांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग तो म्हणाला, "मास्तर, फुकून फुकून तर माजी ही गत झाली. आनि आता औषिद बी फुकायचंच व्हय?"

वॉर्ड हसला. हसता हसता निम्मे खोकले. पण त्या दिवसापासून सखाराम 'मास्तर' झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना रेकॉर्ड खोलीच्या बाहेर एक नाव मिळालं.

पहिल्या सकाळी शिदू स्टुलावरून चार वेळा उठला आणि पाचव्यांदा गुडघ्यांवर हात टेकून बसून राहिला. मास्तरांनी वहीत लिहिलं: शिदू, चार.

"चारच लिवलं?" शिदू धापा टाकत म्हणाला.

"चारच झाले."

"लिवा, लिवा. पन मास्तर, माजं एक काम हाय तुमच्याकडं." श्वास घेण्यासाठी तो थांबला. "मला हितं झोळीतनं आनलं. घोंगडीची झोळी, वर बांबू, म्होरं दोघं, मागं दोघं. आमच्या वाडीत चौघांनी उचललेला मानूस परत पायानं चढला, आसं कदी झालं न्हाई. मी वर जानार त्यो पायानं. धा ठिकानी बसंन, पन पायानं. दिवाळीपातूर करा एवडं."

मळवलीला गाडीतून उतरायचं, भाजे मागं टाकायचं आणि मग चढ. धडधाकट माणसालाही दोन तास लागायचे. मास्तरांनी वही मिटली. पण त्या दिवसापासून वहीतले शिदूचे आकडे ते घरी जातानाही मनाशी घोकायचे. श्रावणात नऊ. भाद्रपदात चौदा. पिशवी अर्ध्याची एक किलोची झाली, आणि गणपती गेल्यावर दीडची. इस्पितळामागं पाण्याच्या टाकीला जाणाऱ्या बत्तीस दगडी पायऱ्या होत्या. शिदू त्या दोनदा बसून चढला. वर पोचल्यावर त्यानं टाकीला पाठ टेकली आणि लांब पाहत म्हणाला, "गड दिसतोय का हो हितनं?"

"मधे डोंगर आहे."

"आसू द्या. म्हागं हायेच की."

मोठ्या डॉक्टरांना हे सगळं पसंत नव्हतं. ते वाईट नव्हते. क्षयाच्या साथीत त्यांनी उमर काढली होती. जरा श्रम झाले की रक्ताची गुळणी येऊन माणूस गेलेला त्यांनी कितीदा पाहिला होता. "माझ्या हाताखाली माणसं जगली ती विश्रांतीनं," ते म्हणायचे. "एकाला जरी काही झालं, तरी मी हे बंद करीन."

सहा जणांत कार्ल्याचा नथू होता. घरचा खातापिता शेतकरी, गडी मोठा हौशी, पण खोकल्यानं आतून पोखरलेला. आश्विनात घट बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर वही घेऊन वॉर्डात शिरताना मागच्या खिडकीपाशी थबकले. नथू आपल्या थाळीतला भात कावळ्यांना घालत होता. इस्पितळात उपास करायला सक्त मनाई होती.

"नथू, हे काय?"

नथू दचकला, मग हसला. "मास्तर, देवीचं हाय. नऊ दिस धरल्यात. पायात बळ येऊ दे, चैतात तुज्या पायऱ्या चढून येतो, आसं बोललोय. कुनाला सांगाल तर तुमाला आईची शपत."

"दूध तरी घेता ना?"

"घेतो की."

दूधही तो घेत नव्हता. नुसत्या चहावर होता. हे मास्तरांना चौथ्या दिवशी कळलं, आणि तरी ते गप्प राहिले. डॉक्टरांना सांगावं तर शपथ. आणि नथूला कसरतीतून वगळावं तर कारण विचारतील. असल्या पेचात ते नेहमी जे करायचे तेच त्यांनी केलं, म्हणजे काहीच नाही.

सहाव्या दिवशी सकाळी नथूचा चेहरा कागदासारखा पांढरा होता.

"नथू, आज राहू द्या," मास्तर पुटपुटले.

"का म्हनून? तो शिदू भट्टीवाला दीड किलो उचलतो, आन् मी कार्ल्याचा जमीनदार बसून बघू व्हय?"

"बघा की," शिदू म्हणाला, "बघायला काय पिशवी लागत न्हाई."

सगळे हसले. नथूनं पिशवी उचलली. सहाव्या खेपेला ती त्याच्या हातून सुटली, आणि पाठोपाठ तोही फरशीवर आडवा झाला. ओठ निळे पडले. चिमाबाई ओरडल्या. कुणीतरी सलाइनच्या बाटलीला धावलं, कुणी ऑक्सिजनच्या नळकांड्याला.

नथू मेला नाही. शिरेतून साखरेचं पाणी चढवलं, दोन दिवसांत उठून बसला, आणि आठवड्यात घरी गेला. आपला उपास मोडला म्हणून तो इतका हिरमुसला होता की उपासाचं नावही त्यानं कुणापाशी काढलं नाही. पण तोपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी त्याच दुपारी दोघांना बोलावलं. आवाज चढवला नाही. "येवले, तुम्ही जवळ होता. काय झालं?"

"पिशवी उचलताना पडला, साहेब."

"त्याआधी काही वेगळं?"

धाकटे डॉक्टर त्यांच्याकडं पाहत होते. "सखारामभाऊ, तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा. रक्तात साखर अगदी नाही म्हणावी इतकी कमी होती. हा माणूस जेवत होता ना?"

मास्तरांच्या डोळ्यांपुढं खिडकीतले कावळे आले. सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: माहीत होतं, तर उचलू का दिलंत? देवीची शपथ आहे, असं त्यांनी मनाला सांगितलं. पण देवीला काही ते घाबरले नव्हते.

"थाळी तर रिकामी असायची," ते म्हणाले.

हे खोटं नव्हतं. म्हणून तर ते जास्त वाईट होतं.

कसरत बंद झाली. स्टूल स्वयंपाकघरात गेलं, पिशव्यांतली वाळू बागेत पडली. मोठ्या डॉक्टरांनी पाचही जणांना बजावलं: वजन उचलाल तर जिवाला मुकाल, खाटेवरून हलायचं नाही. धाकटे डॉक्टर दिवाळीच्या आधीच नोकरी सोडून गेले. जाताना रेकॉर्ड खोलीत आले आणि वही चाळली. शिदूच्या पानावर शेवटचा आकडा एकोणीस होता. "इतकं चांगलं चाललं होतं हो," असं म्हणून त्यांनी वही मास्तरांपाशीच ठेवली.

पाच आठवडे शिदू खाटेवर पडून राहिला. मांड्यांवर धरलेलं मांस पुन्हा गेलं. कार्तिकात वाडीचे चार गडी आले. त्यांनी आणलेला बांबू इस्पितळाच्या फाटकाला टेकून उभा होता, त्याला घोंगडी गुंडाळलेली. मास्तरांनी तो खिडकीतून पाहिला आणि ते फायलींच्या मांडणीमागं सरले. व्हरांड्यातून शिदूचा आवाज आला, "मास्तर कुटं हायेत?" कुणीतरी म्हणालं, "असतील इथंच." मास्तर तिथंच होते. एका फाइलीची नाडी सोडत होते आणि बांधत होते.

महिन्यानं कार्ड आलं.

उत्तराचे कच्चे खर्डे त्यांनी पुष्कळ केले. 'नथू पिशवीनं पडला नाही' असं लिहावं तर 'मग कशानं?' हे आलंच. गुरुजी पत्र मोठ्यानं वाचणार, वाडी ऐकणार. वाडीतून बाजाराला भाजे, भाजेतून कार्ले. कार्ल्यातून इस्पितळ कितीसं लांब? या वयात नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? ही भीती नागडी होती. पण तिला घालायला मास्तरांपाशी चांगला अंगरखा होता. आपण कोण? ना डॉक्टर, ना कंपाउंडर. आपल्या शब्दावर त्यानं दगड उचलले आणि खरंच काही झालं तर? न लिहिण्यातच त्याचं भलं आहे. असं रोज म्हणता म्हणता वर्ष गेलं, आणि वर्षानंतर उत्तर देणं हे न देण्याहून लाजिरवाणं वाटू लागलं. कार्ड एका पुस्तकात गेलं. पुस्तक त्यांनी पुन्हा उघडलं नाही.

शहात्तरच्या मे महिन्यात, निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर, सखाराम लोणावळ्याच्या बाजारातून भाजी घेऊन चालले होते. रस्त्याच्या कडेला डोंगरच्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं हाक मारली.

"ओ आबा! कसरतीचं मास्तर न्हवं तुमी?"

बारा वर्षांत त्यांना या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

"मी बाया. लोहगडवाडीच्या शिदूची." तिनं करवंदांचा द्रोण पुढं केला. "वळखलं न्हाई ना? मी दोन येळा आलते तुमच्या दवाखान्यात. तुमी वहीतनं मान वर काडली न्हाई, तुमाला कुटलं दिसायला!"

शेजारची हसली. मास्तरांनी विचारलं, "शिदूभाऊ?"

"गेलं की. आठ वर्सं झाली." तिनं ते पाऊसपाण्याचं बोलावं तसं सांगितलं. "चार वर्सं पडून काडली. लय खोकायचे. उटा, जरा दाराम्होरं चला म्हनलं, तर म्हनायचे, थांब, मास्तरांचा कागुद येऊ दे. पोस्टमन आला की मान वर. पावसाळा गेला, मग म्हनाले, मास्तर लिवत न्हाईत म्हंजी 'नको'च आसंल. शान्या मानसाचं न बोलनं बी बोलनंच आसतं म्हनं. मग काय, भिताडाकडं तोंड केलं."

मास्तरांच्या हातातली पिशवी जड झाली. ती त्यांनी खाली ठेवली.

उत्तर दिलं नाही म्हणजे आपण निदान काही केलं नाही, असं ते इतकी वर्षं समजत आले होते. आता कळलं की उत्तर पोचलं होतं. आणि ते चुकीचं होतं.

"येक इच्यारू?" बाया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो सोसवेना. "तुमी तवा लिवलं आसतं, तर काय लिवलं आसतं?"

त्यांनी तोंड उघडलं. बाजार भरलेला होता, शेजारच्या बायका कान देऊन होत्या. जीभ तिच्या जागी जाऊन बसली.

"मी... लिहून पाठवतो."

"आता?" बाया मोकळेपणानं हसली. "लिवा, लिवा. पोस्टमन म्हातारा झालाय, पन मेला न्हाई अजून." मग तिचं हसू ओसरलं. "खरंच लिवनार आसाल तर माज्या दिराला लिवा. धाकला सावळा. तो बी भट्टीवरचाच. गेल्या थंडीपास्नं पडलाय. जरा चाल म्हनलं तर म्हनतो, भावाला डाक्टरनं सांगितलंय, हललं की मरतोय. त्याचं वय काय, चाळीस बी न्हाई."

द्रोणाचे पैसे तिनं घेतले, वर मूठभर करवंदं जास्त घातली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

घरी येऊन मास्तरांनी पुस्तक शोधलं. कार्डाचं कोरं अर्धं पिवळं पडलं होतं. त्यावर लिहावं असं क्षणभर वाटलं. पण जुनं तिकीट आता अपुरं पडून ते बेरंग गेलं असतं, आणि भुर्दंड बायाला पडला असता. शिवाय कार्ड वाटेत कुणीही वाचतं. मग त्यांच्या ध्यानात आलं की अजूनही आपण हाच विचार करतो आहोत. त्यांनी आंतरदेशीय पत्र घेतलं, पण कुणीही वाचलं तरी चालेल असं लिहायचं ठरवलं.

पहिला खर्डा फार छान झाला होता. त्यात पश्चात्तापावर एक परिच्छेद होता. तो त्यांनी फाडला. दुसऱ्यात त्या वेळची नोकरी, घरची परिस्थिती, देवीची शपथ, सगळं होतं. तोही फाडला. ऊन कलेपर्यंत एवढं उरलं:

'सावळा यास, सखाराम येवले याचा रामराम. हे पत्र गुरुजींनी मोठ्यानं वाचावं, बाया आणि वाडी जवळ असताना.

'शिदूभाऊंनी बारा वर्षांमागं मला विचारलं होतं की नथू पिशवीनं पडला का. नाही. नथू सहा दिवस उपाशी होता, म्हणून पडला. ते मला आधीपासून माहीत होतं. मी त्याला थांबवलं नाही, आणि नंतर डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण दोष माझ्यावर आला असता. शिदूभाऊंना उत्तर दिलं नाही तेही त्याच भीतीनं. कसरतीनं त्यांचं वाईट होत नव्हतं. ते पहिल्या दिवशी चार वेळा उठले आणि शेवटी एकोणीस वेळा. वही माझ्यापाशी आहे. पुढं ते पायानं घरी चढले असते की नाही ते मला सांगता येत नाही. पण ती संधी माझ्यामुळं गेली.

'तुम्ही आधी डॉक्टरांना छाती दाखवा आणि कसरत करू का असं त्यांना विचारा. ते हो म्हणाले तर पोटात अन्न असताना करा. हात न टेकता बसल्या जागेवरून उठायचं, जमेल तितकंच. उठताना चूल फुंकतात तसा श्वास सोडायचा. दम लागला तर थांबायचं, तो बसला की पुन्हा. कुणी म्हणेल शिदूला हललं की मरशील असं सांगितलं होतं, तर त्याला हे पत्र दाखवावं. तसं सांगितलं गेलं ते मी गप्प राहिलो म्हणून.

'तुम्हाला राग येईल तर तो योग्यच आहे. काही विचारायचं असेल तर लिहा. या वेळी उत्तर येईल.'

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. ते फार धीट वाटलं. खोडावं म्हणून लेखणी टेकवली, आणि राहू दिलं.

पोस्टात मास्तरांनी खिडकीपाशी विचारलं, "लोहगडवाडीला कधी पोचेल?"

"मळवलीला उद्या. पुढं पोस्टमन वाडी कधी चढेल त्यावर," आतला माणूस म्हणाला. "घाईचं आहे का?"

मास्तरांनी हातातल्या पत्राकडं पाहिलं. मागं रांग होती. कुणीतरी खाकरलं.

"हो," ते म्हणाले. "घाईचं आहे."

"मग टाका लवकर. चारची डाक निघायचीय."

ते बाहेर आले. पेटीच्या तोंडाशी पत्र धरून क्षणभर उभे राहिले, आणि मग त्यांनी ते आत सोडलं.